मायची झोपायची सीट आणि कोलंबोचा मुक्काम

विमानात बिझनेस क्लासने जायचा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. मीही केला नसता. पण मायच्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, की सलग दोन तासांच्या वर बसायचं नाही, आडवं पडून मात्र कितीही वेळ चालेल. मणक्याचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं दिवाळीनंतर करायचं ठरत होतं. "आणि त्यानंतर?" मी विचारलं. "त्यानंतर लांबचा प्रवास डोक्यातून काढून टाका," ते म्हणाले.

दवाखान्यातून निघून रिक्षात बसल्यावर माय म्हणाली, "सुमे, मंग त्याच्या आधी मला संजूचं घर पाह्यचंय."

संजू माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षं झाली, मेलबर्नला एका मोठ्या गोदामात कामाला आहे. मायच्या पहिल्या ऑपरेशनला तो आला, वर्षाची सगळी सुट्टी तिच्या खाटेशेजारी संपवून परत गेला. म्हणजे लेक तिला दिसला होता. घर दिसलं नव्हतं. "पोरगं नऊ सालापासून कुठं निजतं, कुठं जेवतं, मला कायीच ठाव न्हाई," असं ती म्हणायची.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ समजेल. मी जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. पंधरा वर्षं हे केल्यावर माणूस उगवलेले दाणे बघतच नाही, न उगवलेलेच बघतो. त्यामुळे काय काय बिघडू शकतं याची यादी माझ्या डोक्यात कायम तयार असते. तरी या प्रवासात जे बिघडायला आलं, ते नेमकं त्या यादीत नव्हतं.

मुंबई ते मेलबर्न जाऊन-येऊन झोपायची सीट, कमीत कमी वेळात पोचवणारी, पहिल्यांदा पाहिली तेव्हा तीन लाख चाळीस हजार. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. नंतर पंधरा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत मी प्रवासी लोकांच्या चर्चा वाचत बसले. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: घाई असलेल्या माणसाकडून विमान कंपन्या जास्त पैसे घेतात. मध्ये एखाद्या शहरात चोवीस तासांच्या वर थांबायची तयारी दाखवली, की तीच सीट कधीकधी बरीच स्वस्त पडते. त्यासाठी जाणं-येणं असं शोधायचं नाही, 'मल्टी-सिटी' नावाचा पर्याय उघडायचा आणि एकेक टप्पा तारखेसकट भरायचा. मी मुंबई ते कोलंबो, दोन रात्री थांबून कोलंबो ते मेलबर्न, आणि येतानाही कोलंबोवरूनच असं भरलं. आकडा आला एक लाख ब्याण्णव हजार. मी पान तीनदा नव्याने उघडून पाहिलं.

प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. काही मार्गांवर थांबलं की भाडं वाढतंही, म्हणून वेगवेगळी शहरं आणि वेगवेगळे वार टाकून बघत राहावं लागतं. श्रीलंकेची ऑनलाइन परवानगी आणि दोन रात्रींचं हॉटेल हा खर्चही धरायचा. तो धरूनही आमचं जमत होतं. माय पुढे झोपायच्या सीटवर, मी त्याच विमानात मागे साध्या सीटवर.

मला वाटलं, मध्येच थांबलं की स्वस्त पडतं हे मायला पटवून देताना माझी दमछाक होईल. ती धावडा गावची, तिचा बाप मेंढरं राखायचा, आणि लहानपणी उन्हाळाभर ती कळपामागे गोदाकाठापर्यंत, पार घनसावंगीकडे चालत गेलेली. तिने शांतपणे ऐकलं.

"यात काय नवल हाय? आमी रानात मेंढरं बसवायचो. रातभर बसली की जिमिनीला खत, मंग शेतवाला बापाला दाणे द्यायचा. मुक्कामाचेच दाणे भेटायचे, चालायचे कुणी देत नसतंय."

तिकीट काढलं. मायचे शेरडं विकून ठेवलेले पैसे, थोडे माझे, थोडे संजूचे. परत न मिळणारं तिकीट, म्हणजे आता घोर सुरू.

निघायच्या दहा दिवस आधी भगवानमामा आले. मायचे थोरले भाऊ, पिंपळगाव रेणुकाईला राहतात, आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "बुधवारी अवस हाय. आजारी बाईला घिऊन अवसंला समुद्र ओलांडता का तुम्ही?"

एवढे दाणे मोजणारी मी, अमावास्या बघायला विसरले होते. तारीख बदलायची तर दंड आणि भाड्यातला फरक मिळून साठ हजार सांगत होते. मामांनीच तोड काढली.

"आपण जालन्याहून पुण्याचं रिझर्वेशन करतो अन् बदनापूरला चढतो का न्हाई? सीट आपलीच राह्यती. तसं करा. बेस्तवारी दुसऱ्या सस्त्या विमानानं कोलंबोला जा, अन् शुक्रवारी तिथून आपल्या सीटवर बसा बराबर."

आणि मला ते बिलकुल पटलं. कॉलेजात असताना कित्येक वर्षं मी हेच केलं होतं. एसटीची सीट पैसे भरलेल्या माणसाची, तो कुठे का चढेना. पहिला टप्पा सोडून दिला तर कंपनीचं दोन खुर्च्यांचं ओझंच कमी होईल, त्यांना काय फरक पडतो? मी गुरुवारची साधी दोन तिकिटं काढली, अठरा हजारांना. मामा चहा पिऊन समाधानाने गावी गेले.

मंगळवारी दुपारी, म्हणजे अवसेच्या आदल्या दिवशी, मी हेल्पलाइनला फोन लावला. मायला व्हीलचेअर हवी आहे, पण मुंबईला नको, कोलंबोपासून द्या, एवढंच सांगायचं होतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मुंबईला का नको? मी अगदी सहज सांगितलं, की तो टप्पा आम्ही घेत नाही.

त्या हिंदीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या टप्प्याला तुम्ही आला नाहीत तर पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं. परतीचंसुद्धा. पैसे मिळत नाहीत."

फोन केला नसता तर? शुक्रवारी कोलंबोच्या काउंटरवर मायला खुर्चीत बसवून मी उभी असते आणि समोरची व्यक्ती म्हणाली असती, तुमच्या नावाचं तिकीटच नाही. परक्या देशात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. घड्याळात साडेचार वाजले होते. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून, बॅगा अर्ध्या भरलेल्या, गाडी ठरलेली गुरुवारची.

मायला सगळं सांगितलं. ती खाटेवर कुशीला पडून ऐकत होती.

"म्हंजे उद्या न्हाई गेलो तर संजूकडं जाणंच न्हाई?"

"न्हाई जाता येणार, माय."

"मंग उद्याच जाऊ. अवस लागती कधी?"

कॅलेंडरात पाहिलं. त्याच संध्याकाळी सात वाजून गेल्यावर लागत होती.

"लई टाइम हाय. माझं पस्तान ठिव."

प्रस्थान. मी हा शब्द आजोबा गेल्यापासून ऐकला नव्हता. निघायच्या दिवशी योग नसेल तर चांगल्या वेळेत आपलं एखादं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवासाला निघणं झालं. मग माणूस दुसऱ्या दिवशी तिथून सामान उचलून पुढे जायला मोकळा. मायने स्वतः तिची एक साडी, शाल आणि औषधांचा डबा पिशवीत भरला. समोरच्या नजमाभाभींच्या दारात ती भिंतीला धरत धरत गेली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. भाभी पंचवीस वर्षं आमच्यासमोर राहतात, त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी आतल्या कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "फजरच्या नमाजालाच उठते मी. दरवाजा उघडाच राहील."

परत येताना मी मायला विचारलं, तुझा खरंच विश्वास आहे का यावर? "माह्यासाठी न्हाई गं," ती म्हणाली. "भगवानदादाच्या जिवाला घोर नको. त्याला फोन करून सांग, निघाली म्हणून."

मामांना फोन केला. पहिल्या टप्प्याचा नियम ऐकून ते म्हणाले, "सुमन, म्या चुकीचं सांगितलं का?" मी म्हटलं, मामा, मलाही तसंच वाटलं होतं. अठरा हजारांची ती तिकिटं वाया गेली हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. मामा हे वाचत नाहीत, तुम्ही सांगू नका.

बुधवारी सकाळी भाभींकडची पिशवी उचलली आणि सहाला गाडी निघाली. पुढची सीट झोपवून मागच्या सीटवर गादी टाकली आणि मायला आडवं केलं. समृद्धी महामार्गाचा हा एक फायदा, खड्डा नाही, ब्रेक नाही. पाठीचा रुग्ण असेल तर टोलचे पैसे बघू नका, हाच रस्ता घ्या. मात्र हॉटेलं आणि स्वच्छतागृहं वाटेत फार नाहीत, म्हणून पाणी, भाकरी, पिठलं घरूनच. दर दीड तासाने गाडी थांबवून मायला पाच मिनिटं उभं करत होते. मुंबईत शिरल्यावर मात्र दोन तास रहदारीत गेले आणि मी घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं की ड्रायव्हर म्हणाला, ताई, घड्याळ घासून जाईल.

काउंटरवर दोघींचे बोर्डिंग पास हातात पडले तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे: तिकिटातला पहिला टप्पा कधीही सोडायचा नाही. आणखी एक. जवळच्या टप्प्याची विमानं लहान असतात, त्यात बिझनेसची खुर्ची पूर्ण आडवी होत नाही. ते मला आत गेल्यावर कळलं. अडीच तास माय कलती बसली, आणि कोलंबोला उतरताना तिचा डावा पाय मुंग्यांनी भरला होता.

इथे तो मुक्काम कामी आला. पैसे वाचवायला घेतलेले दोन दिवस नसते तर माय पुढे जाऊच शकली नसती, हे मी कागदावर हिशेब करताना कुठेच धरलं नव्हतं. विमानतळापासून अर्ध्या तासावर निगंबोला समुद्राजवळ एक घरगुती गेस्ट हाऊस घेतलं होतं, रात्रीचे साडेतीन हजार, नाश्ता धरून. जिना नको ही अट आधीच कळवली होती, ती तुम्हीही कळवा. गुरुवारचा दिवसभर माय झोपली आणि मी शेजारी बसून तिच्या पायाची बोटं हलतायत का ते बघत राहिले. दुपारी मालकीणबाई भात, डाळ आणि खोबरं घातलेली भाजी घेऊन आल्या. मायने बोट लावून चाखलं. "तिखट बराबर हाय, पण खोबरं लई," एवढा तिचा अभिप्राय.

संध्याकाळी ती म्हणाली, समुद्र दाखव. पन्नास पावलं चालायला वीस मिनिटं लागली. वाळूच्या कडेला बाकावर मी तिला टेकवलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि ती एकटक पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मी विचारलं, "कसा वाटला?"

"पाणी एवढं, अन् पेता येत न्हाई. कळप घिऊन इथं कुणी थांबणार न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जराशी नीज. कालपासून माझ्या पायाकडंच बघून राह्यली."

शुक्रवारचं विमान हे खरं विमान. साडेदहा तास. माय पुढे, मी पार मागे एकतिसाव्या रांगेत, आणि मायला मराठीशिवाय काही येत नाही, वाचताही येत नाही. म्हणून मी जालन्याहूनच चार पुठ्ठे करून नेले होते. त्यावर चित्रं: पाण्याचा ग्लास, संडास, पलंग, आणि एक बाई जिच्याखाली ३१ लिहिलेलं, म्हणजे मी. माझी चित्रकला सातवीतच थांबल्यामुळे ती बाई बुजगावण्यासारखी दिसत होती. पुढच्या भागातल्या हवाई सुंदरीला, चाळिशीच्या एका बाईंना, मी पुठ्ठे दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला माझ्या जागेवर पाठवलं.

जेवण झालं, दिवे मंद झाले, मी मनाला समजावत राहिले की माय आता झोपली असेल. तीन तास झाल्यावर राहवेना. पुढे गेले, पडदा जरासा सरकवला.

माय ताठ बसली होती. पट्टा आवळलेला, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरलेले, तोंड पांढरं पडलेलं. सगळ्यांच्या खुर्च्या पलंग झाल्या होत्या, तिचीच खुर्ची खुर्ची होती. त्या हवाई सुंदरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, की त्यांनी तीनदा पलंगाचं चित्र दाखवलं, तिन्ही वेळा आईने हात हलवून नको म्हटलं.

मी तिच्या पायाशी बसले. खरं सांगते, मला राग आला. इतका खटाटोप, आणि ही बसून? "माय, कामून पडली न्हाईस?"

तिने डोळ्यांनीच वाटेपलीकडे खूण केली. तिथे सत्तरीचे एक गृहस्थ वाचायच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसले होते. त्यांची खुर्चीही ताठच. "परका माणूस जागा हाय," ती पुटपुटली. "त्याच्यासमोर म्या कशी आडवी पडू?"

माझा राग तिथेच विरला. भर उन्हात मेंढरांमागे चाललेली ही बाई, ऑपरेशनला एकटी आत गेलेली, आणि तीन तास कळा सोसत होती ती एवढ्यासाठी. आणि मी चार पुठ्ठे रंगवले, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझीच लाज वाटली. तिचा पाय चाचपला तर गार होता. मला रडू फुटलं, आणि ते दाबता आलं नाही.

त्या गृहस्थांनी पुस्तकातून वर पाहिलं. भाषा त्यांना कळणं शक्य नव्हतं. त्यांनी मायकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं, ताठ खुर्चीकडे पाहिलं. मग काही न बोलता पुस्तक मिटलं, दिवा बंद केला, खुर्ची आडवी केली, आणि आमच्याकडे पाठ करून डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

माय थोडा वेळ त्या पांघरुणाकडे बघत राहिली. "निजले?"

"निजले."

मग हवाई सुंदरी आणि मी, दोघींनी मिळून तिला कुशीवर झोपवलं. गुडघ्यांमध्ये उशी दिली, पदर नीट केला. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. मला परत मागे पाठवलं, पण नंतर दर दोन तासांनी त्या बाई एकतिसाव्या रांगेपर्यंत यायच्या आणि दोन्ही तळवे गालाखाली धरून खूण करून जायच्या.

मेलबर्नला मी मागून ठेवलेली व्हीलचेअर मायने घेतली, हट्ट केला नाही. त्या गृहस्थांना मी शोधलं, पण ते आधीच गर्दीत निघून गेले होते. कस्टमला मायच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी मी स्वतःहून दाखवली, उघडून बघून त्यांनी परत दिली. तुम्हीही लपवू नका, तिथे दंड जबर आहे. बाहेर संजू उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला तर माय म्हणाली, "आधी घरी चल."

घरी गेल्यावर तिने बसायचं नाकारलं. त्याच्या हाताचं पाणी प्याली आणि भिंतीला धरून प्रत्येक खोली पाहिली. कपाट उघडलं, गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला. अर्धा तास लागला. मग त्याच्या पलंगावर आडवी पडली आणि म्हणाली, "झालं." आम्ही तिथे एकवीस दिवस होतो. समुद्रकिनारे, ट्राम, बागा यांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही, कारण माय बहुतेक वेळ घरात होती आणि मी तिच्याजवळ. येताना कोलंबोला पुन्हा दोन रात्री काढल्या. परतीच्या विमानात शेजारी कुणी नव्हतं.

जालन्याला येऊन आता पाच महिने होत आले. पैशांचा विचार केला तर अठरा हजार वाया जाऊन आणि हॉटेलं धरूनही लाखाच्या वर वाचले. पुन्हा असं तिकीट काढेन का, असं मैत्रिणी विचारतात. काढेन, पण रात्री झोप लागेल असं सांगत नाही.

मायचं दुसरं ऑपरेशन झालं. बरं झालं, पण सहा आठवडे पाठीवर पडून राहायचं, मान वळवायचीही परवानगी विचारून. आता तिला मेलबर्न नाही आणि धावडाही नाही, माझ्या मागच्या खोलीचं छत तेवढं. संजूचा फोन रोज संध्याकाळी येतो. मी फोन तिच्या कानाशी धरते. ती डोळे मिटून घेते.

"कुठं उभा हाईस?" ती विचारते. तो काहीतरी सांगतो. "सैपाकाच्या वट्ट्यापाशी? मंग मागची खिडकी लाव जल्दी, तिथून गार वारं येतंय. लावली का? आता दोन पावलं मागं हो, तिथं खुर्ची हाय. बस."